बहात्तर गावांची राज्यघटना

आधीच सांगून टाकते, मी मेकॅनिकलची. राज्यघटनेवर लिहायचा मला काडीचाही अधिकार नाही. पण मासिकाच्या मराठी विभागासाठी मॅडमनी 'काहीतरी अभ्यासपूर्ण द्या' म्हटलं, आणि माझ्याकडे अभ्यास झालेला असा हा एकच विषय निघाला. तोही अपघाताने!

आपल्याला 'भारताचे संविधान' नावाचा एक विषय असतो. पास व्हावं लागतं, पण मार्क टोटलमध्ये धरत नाहीत. त्यामुळे त्या तासाला मागच्या बाकांवर जर्नलं पूर्ण होतात हे उघड गुपित आहे. त्यात असाइनमेंट आली, 'कोणत्याही एका राज्यघटनेची निर्मिती लिहा'. मी अमेरिका घेतली. अजून वापरात असलेल्या लिखित राष्ट्रीय घटनांमध्ये ती सगळ्यात जुनी मानतात, आणि माहिती हवी तेवढी मिळते. शनिवारी घरी दहिवडीला गेले तेव्हा ओट्यावर बसून तेच उतरवत होते. आजोबा शेजारी. वय ऐंशीच्या पुढे, पण पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.

"कुणाची घटना लिवतीयास?"

"अमेरिकेची."

"आन् आमच्या औंधाची?"

मला वाटलं आजोबांचा काहीतरी गोंधळ होतोय. घटना देशाची असते, औंधाची कशी असेल? औंध म्हणजे यमाईचा डोंगर आणि म्युझियम, सहावीत सहल गेली होती, एवढीच माझी माहिती. पण आमचं मूळ गाव आटपाडीकडचं. तो भाग औंध संस्थानात होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि आजोबांचं पुढचं वाक्य असं होतं, "आमच्या तात्यांनी सही शिकली ती त्या घटनेपायी." तात्या म्हणजे माझे पणजोबा.

असाइनमेंट बाजूला राहिली.

तरी अमेरिकेचं थोडं सांगते, पुढे लागणार आहे. स्वातंत्र्याची लढाई जिंकल्यावर तिथली १३ राज्यं एका सैलसर कराराने बांधलेली होती. मध्यवर्ती काँग्रेस होती, पण तिला कर लावायचा अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची! तेव्हा या जुन्या कराराची दुरुस्ती करायला म्हणून २५ मे १७८७ ला फिलाडेल्फियात सभा सुरू झाली. ५५ प्रतिनिधी, १२ राज्यांचे, कारण ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. ऐन उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून, बाहेर एक अक्षर जाऊ न देता त्यांनी चर्चा केली. दुरुस्तीला गेलेली ही मंडळी १७ सप्टेंबरला बाहेर आली ती नवीनच यंत्र बनवून. आपल्या वर्कशॉपमध्ये असं केलं तर सर जॉब फेकून देतील. सह्या ३९ जणांनी केल्या. मग नऊ राज्यांनी मान्यता दिली तर ती लागू, असं ठरलं होतं. नववं राज्य न्यू हॅम्पशायर, जून १७८८. लोकांचे मूलभूत हक्क तर नंतर दहा दुरुस्त्या करून घातले, १७९१ साली. सुरुवात 'आम्ही लोक' अशी आहे खरी, पण मत कोणाला? बहुतेक ठिकाणी मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांना. गुलाम माणसाची मोजणी तर पाचात तीन अशी धरली, आणि मत अर्थातच नाही.

हे सगळं वाचताना माझ्या मनात दुसरीच एक घटना घोळत होती. आमच्या होस्टेलच्या मेस कमिटीची! मागच्या वर्षी आम्ही चौघींनी एका रात्रीत मेससाठी सतरा नियम लिहिले होते. खोलीचं दार लावून, फिलाडेल्फियासारखं. अगदी सुंदर अक्षरात, इंग्रजीत, लॅमिनेट करून नोटीस बोर्डावर. दर महिन्याला हिशेब लावायचा, मेनू बदलायचा, तक्रार वही ठेवायची. दीड महिन्यात कमिटी संपली. हिशेब लावला नाही कारण पैसे एकीकडे आणि बिलं दुसरीकडे. तक्रार वहीत कुणीतरी मेहंदीची डिझाईन काढली. दोष कुणाचा म्हणाल तर आमचा चौघींचा, दुसऱ्या कुणाचाही नाही. पण चुकलं नेमकं कुठे ते कळत नव्हतं, आणि ते मला टोचत होतं. म्हणून आजोबांना म्हटलं, चला औंधला.

पुढच्या रविवारी दहिवडीहून वडूज आणि वडूजहून औंध असे एस.टी.ने गेलो. आजोबांना तिकीट नाही, मला अर्धं! डोंगराच्या अर्ध्यात ते म्युझियम आहे. रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. एवढ्याशा गावात हे कसं आलं? उत्तर एकच, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १८६८ चा जन्म, १९०९ पासून औंधचे राजे. स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तन करायचे, आणि सूर्यनमस्काराचं तर त्यांना वेडच होतं. शाळेतल्या पोरांपासून सगळ्यांना नमस्कार घालायला लावायचे. हे म्युझियम त्यांनी स्वतःच्या संग्रहातून उभं केलं. आपल्या इंजिनीअर लोकांना तर या राजाची वेगळीच ओळख हवी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा ज्यांनी दिली, ते हेच. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण लॅबमध्ये ज्या नावाचे पंप उघडतो त्याचं मूळ औंध संस्थानात आहे.

संस्थान म्हणजे केवढं? सुमारे बहात्तर गावं आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तीही सलग नाही. औंधचा भाग एकीकडे, आटपाडी दुसरीकडे माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. मध्ये ब्रिटिशांचा मुलूख नाहीतर दुसऱ्या कुणाचं संस्थान. नकाशावर गोधडीची ठिगळं विखुरल्यासारखं दिसतं. दुष्काळ मात्र बहुतेक सगळीकडे सारखा.

राजाने लोकांना सत्ता द्यायची ही कल्पना औंधात एकदम आकाशातून पडली नाही. रयतेची एक सभा आधीपासून होती, पण ती सल्ला द्यायची आणि शेवटचा शब्द राजाचा. भोवती सगळ्या संस्थानांत प्रजा परिषदा जोर धरत होत्या. १९३७ ला ब्रिटिश मुलखातल्या प्रांतांमध्ये निवडून आलेली मंत्रिमंडळं बसली. मग शेजारच्या साताऱ्यातल्या माणसाला जे मिळतं ते औंधच्या माणसाला का नाही, हा प्रश्न येणारच. त्याच सुमारास राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परत आले. वय पंचविशीच्या आसपास. आणि त्यांच्याबरोबर गोष्टीत येतो आपला माणूस, म्हणजे इंजिनीअर!

त्याचं नाव मॉरिस फ्रिडमन. पोलंडमधल्या वॉर्साचा ज्यू, विजेचा इंजिनीअर, बंगलोरच्या सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरीचा मॅनेजर. इकडे येऊन तो गांधीजींच्या आणि अध्यात्माच्या नादी लागला आणि भगवी वस्त्रं घालून भारतानंद झाला. (पुढे मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक 'आय अ‍ॅम दॅट' १९७३ ला ज्याने केलं, तो हाच. एका माणसाच्या आयुष्यात किती काय मावतं!) त्याच्या नावावर 'धनुष तकली' आहे. सूत काढायचं अगदी साधं साधन, धनुकलीने चाती फिरवायची. चरख्याहून स्वस्त, भाग मोजके, मोडली तर गावातच दुरुस्त. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या मते त्याच डोक्यातून औंधच्या घटनेचीही मांडणी निघाली आहे.

फ्रिडमननेच राजांना सुचवलं की तुम्ही सगळी सत्ता लोकांना देऊन टाका, स्वातंत्र्याच्या लढ्याला त्याची मदत होईल. आणि जाहीरनाम्याचा कच्चा मसुदाही त्यानेच लिहिला. राजांचं वय तेव्हा सत्तर. या वयात माणसं सातबारा मुलाच्या नावावर करायलासुद्धा कां-कूं करतात. यांनी संस्थान द्यायचं कबूल केलं. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये तसं जाहीर झालं. मग मसुदा घेऊन मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली, आणि घटनेचा आराखडा गांधीजींच्या देखरेखीखाली ठरला. गांधीजींनी नुसता आशीर्वाद दिला नाही. राजाने आणि राजपुत्राने राहणी साधी करावी, राजाचा खर्च आटोक्यात यावा, हा त्यांचा आग्रह होता. २१ जानेवारी १९३९ ला घटना लागू झाली. जाहीरनाम्यापासून जेमतेम दोन महिने! आपल्या देशाच्या घटनेला जवळजवळ तीन वर्षं लागली.

आता ही घटना चालायची कशी ते बघू. आपण आर.सी.सी.मध्ये शिकतो ना, स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलमचं फूटिंगवर. एरवीच्या राज्यात हुकूम तसाच वरून खाली येतो आणि सगळा भार शेवटी रयतेवर. औंधात दिशा उलटी धरली होती. गावाने आपल्यातले पाच पंच निवडायचे. पंचायतीच्या अध्यक्षांची मिळून तालुक्याची समिती. तालुक्यांनी आपले प्रतिनिधी औंधच्या विधिमंडळात पाठवायचे, आणि मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. राजा वर राहिला, पण घटनेच्या चौकटीतला. अप्पासाहेब पहिले पंतप्रधान झाले.

म्हणजे गावचा माणूस थेट मत एकदाच देतो, आपल्या पंचांना, ज्यांना तो रोज पारावर बघतो. पुढचं सगळं त्या पंचांतून वर चढत जातं. अमेरिकेतही सुरुवातीला असाच प्रकार होता हे मला नंतर लक्षात आलं. तिथले सेनेटर १९१३ च्या दुरुस्तीपर्यंत लोक निवडत नव्हते, राज्यांची विधिमंडळं निवडायची. अध्यक्ष तर अजूनही इलेक्टर लोकांमार्फत. पण तिथे राज्यांना आपापला हक्क सोडायचा नव्हता म्हणून हा पेच निघाला, आणि औंधात मुळात गावच राज्याचा पाया धरलं होतं. दिसायला सारखं, कारण वेगळं.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. नुसते अधिकार कागदावर दिले नाहीत, महसुलातला वाटाही गाव आणि तालुक्याकडे खर्चायला दिला. रस्ता, विहीर, शाळा यासाठी औंधला अर्ज पाठवून वाट बघायला नको. अमेरिकेच्या जुन्या कराराचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं, अधिकार होते पण तिजोरी दुसऱ्याच्या हातात. (आमच्या मेस कमिटीचंही! हे वाचलं तेव्हा मी म्युझियमच्या पायरीवर बसून कपाळावर हात मारला.) आणि न्यायही गावातच. तंटा पंचायतीपुढे निघायचा, जिथे घडलं तिथेच, ज्यांना खरं-खोटं माहीत आहे त्यांच्यासमोर. खोटी साक्ष द्यायला माणूस गावात धजत नाही. कोर्टाची पायरी चढून चार वर्षं तारखा घेतो तो तिथे. आजोबा म्हणाले, "बांधाचा तंटा बांधावरच मिटायचा." ते त्यांनी तात्यांकडून ऐकलेलं. सगळेच मिटत असतील असं मला वाटत नाही, बांधाचे तंटे कुठले मिटतायत! पण कल्पना तीच होती.

याच राज्यात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची वसाहत झाली. भिंती नसलेला तुरुंग. जन्मठेपेच्या कैद्यांना तिथे मोकळं ठेवून शेती करायला दिली. त्यामागेही फ्रिडमनचा हात होता. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा सिनेमा यावरूनच सुचलेला. कथा गदिमांची, आणि गदिमा याच संस्थानातल्या शेटफळ्याचे.

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले.

औंधच्या घटनेत मत द्यायला एक अट होती, लिहिता-वाचता आलं पाहिजे. त्या काळात आमच्या भागात अक्षर ओळखणारा माणूस गावात बोटावर मोजण्याइतका. मग मत द्यायचं तर शिकलं पाहिजे, म्हणून संस्थानभर साक्षरतेची मोहीम काढली. रात्रीचे वर्ग, कंदील, पाट्या. आमचे तात्या दिवसभर मोटेवर आणि रात्री वर्गात. तेव्हा ते तिशीच्या आत-बाहेर असतील. पोरांसारखं गिरवायची लाज वाटायची म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचे म्हणे. पण शिकले. नाव लिहायला, मग वाचायला. पंचांच्या निवडणुकीत मत दिलं. आजोबा सांगतात की तात्या पुढे आयुष्यभर कुठल्याही कागदावर सही करताना आधी हात धोतराला पुसून घ्यायचे.

मी हे ऐकून भारावून गेले. म्हटलं किती छान अट! शिक्षण आणि लोकशाही एकाच दोरीत ओवली. माझ्या असाइनमेंटचा शेवटचा परिच्छेद तिथल्या तिथे डोक्यात तयार झाला.

मग मी विचारलं, "आणि पणजी?"

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई कुठली शिकायला. तात्या वर्गात जायचे तवा ती दळत असायची."

म्हणजे पणजीला मत नव्हतं. तसं बाई म्हणून तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. पण दळण, पाणी, पोरं, शेण-गोठा यातून रात्रीचा वर्ग कुठे बसणार? तिच्यासारख्या किती असतील. आणि वर्गात गावकुसाबाहेरच्या माणसांना तात्यांच्या शेजारी बसता येत होतं का? मी आजोबांना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

तेव्हा मला डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण आठवलं, ४ नोव्हेंबर १९४८ चं. मॅडमनी वर्गात त्याचा उल्लेख केला होता आणि मी तेव्हा शीट पूर्ण करत होते. गावाला राज्याचा पाया धरावा असं म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी तिथे सडेतोड उत्तर दिलं. गाव म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचं घर आहे, तेव्हा आपल्या मसुद्यात एकक गाव नसून व्यक्ती आहे याचा आपल्याला आनंद वाटतो, असा त्यांचा आशय होता. औंधच्या रचनेला हाच प्रश्न लावून बघा. पाच पंच जर गावातल्या त्याच दोन घरांतून आले, तर तालुका त्यांचा, विधिमंडळ त्यांचं, आणि मंत्रीही त्यांचे. फूटिंगच वाकडं असेल तर वरचा कॉलम ओळंब्यात कसा येणार? बांधावरचा न्यायही तोच करणार, ज्याचा बांध मोठा.

मी हे आजोबांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. वयाचा विसर पडला. ते शांतपणे म्हणाले, "खरं हाय तुझं. पर तवा आमाला कोण इचारत हुतं? राजानं इचारलं, ही बी खोटं न्हवं." मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि अजून त्यांची बेरीज मला करता आलेली नाही.

एक आणखी मर्यादा. हे स्वराज्य म्हटलं तरी डोक्यावर ब्रिटिश होतेच. सैन्य, रेल्वे, पोस्ट, परराष्ट्र यातलं काही औंधच्या हातात नव्हतं. तरी १९४२ ला या छोट्या मोकळ्या जागेचा केवढा उपयोग झाला! कुंडल हे औंधचं गाव. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ते मोठं केंद्र बनलं. संस्थानच्या हद्दीत ब्रिटिश पोलिसांना आपल्या मुलखातल्यासारखं घुसणं सोपं नव्हतं, आणि भूमिगतांना औंधात आसरा मिळायचा. एका हद्दीत राजाने दिलेली पंचायत आणि लगतच्या मुलखात लोकांनी स्वतः उभं केलेलं सरकार, दोन्ही एकाच वेळी, काही मैलांच्या अंतरावर. अभ्यास करायचाच तर यावर कुणीतरी करावा असं मला वाटतं. (आर्ट्‌सवाल्यांनो, ऐकताय ना?)

आपलं फलटणही तेव्हा नाईक निंबाळकरांचं संस्थान होतं, हे वेगळं सांगायला नको, रोज मुधोजी मनमोहन राजवाड्यावरून जातोच आपण. स्वातंत्र्याच्या सुमारास दक्षिणेतल्या काही छोट्या संस्थानिकांनी, त्यात औंध आणि फलटणही आले, एकत्र येऊन एक संयुक्त राज्य करायचा घाट घातला होता. अमेरिकेच्या १३ राज्यांची छोटी आवृत्तीच म्हणा. पण ते राज्य काही टिकायचं नव्हतं. लोकांना संस्थानंच नको होती. ८ मार्च १९४८ ला औंध, फलटण आणि आसपासची संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. औंधची घटना त्या दिवशी संपली. नऊ वर्षं आणि थोडे दिवस. बाळासाहेब १९५१ ला गेले. अप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत म्हणून जगभर फिरले.

देशाच्या घटनेत पंचायतींची गोष्ट कलम ४० मध्ये आली, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टात मागता न येणारी. पंचायतींना खरं घटनात्मक बळ मिळालं ७३ व्या दुरुस्तीने, जी १९९३ च्या एप्रिलपासून लागू आहे. औंधनंतर चौपन्न वर्षांनी. फरक एवढा की यात बायकांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवल्या. औंधच्या ड्रॉइंगमध्ये जी चूक राहिली होती, ती इथे दुरुस्त करायचा प्रयत्न आहे.

आणि पणजीचं मत? ते तिला १९५२ ला मिळालं, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. साक्षरतेची अट नाही, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतपत्रिका नुसती आत टाकायची. वाचायचं कामच नाही. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे, तिचं बोट धरून शाळेपर्यंत गेलेले. आत सोडलं नाही, दाराशी उभे राहिले. पणजीने येताना तात्यांना सांगितलं नाही कुठल्या पेटीत टाकलं ते. तात्यांनी दोनदा विचारलं म्हणे!

औंधहून परत यायला संध्याकाळ झाली. असाइनमेंट मी औंधवरच दिली, अमेरिका दोन पानांत गुंडाळली. मॅडमनी शेरा मारला, 'विषय चांगला, मुखपृष्ठ नाही'. ते असो.

या सेमला मेस कमिटीचा दुसरा प्रयत्न केला. या वेळी नियम आम्ही चौघींनी लिहिले नाहीत. प्रत्येक मजल्याने आपल्या दोघी निवडल्या, त्यांनी मिळून सहाच नियम केले. त्यातला पहिला पैशांचा, म्हणजे बिलं आणि पैसे एकाच वहीत आणि वही जेवणाच्या हॉलमध्ये दोरीने बांधलेली. मी कुठल्याच मजल्यावरून निवडून आले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. मी फक्त एकच हट्ट धरला, नियम बोर्डावर लावायच्या आधी मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि तेव्हा स्वयंपाकघरातल्या दोघी मावशींनाही बाहेर बोलवायचं. त्यातल्या मोठ्या मावशींना वाचता येत नाही.

रात्रीच्या जेवणानंतर वाचन झालं. सगळ्या मुली माना डोलवत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्या. मावशी मात्र पदराला हात पुसत दाराशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "सगळं झालं गं पोरींनो, पण सिलेंडर मधीच संपला तर दुसऱ्याचे पैसे कुणाकडं मागायचे? मागच्या टायमाला मी माझ्या खिशातनं दिलेत."

कुणालाच माहीत नव्हतं. सहा नियमांत ते कुठेच नव्हतं. वही दोरीसकट ओढून घेऊन तिथेच सातवा नियम लिहिला, आणि त्याच्याखाली पहिली नोंद, मावशींचे मागच्या वर्षीचे पैसे देणं बाकी.